वीरगळाला शेंदूर

आमच्या शेजारच्या काकांची सगळी नोकरी पाणीखात्यात मीटर वाचण्यात गेली, त्यामुळे टेंभी नाक्यामागचे बोळ त्यांना पाठ आहेत. आता रविवारी सकाळी ते मला ठाण्यातल्या कुणी न पाहिलेल्या जागा दाखवतात. वाटेत बोलत नाहीत. जागा आली की म्हणतात, "फोटो काढा, पण कुठे टाकू नका. उद्या रीलवाले येतील, परवा वडापावची गाडी."

एका जुन्या विहिरीमागे वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या कुणा योद्ध्याचा कोरीव दगड. त्याच्या तलवारीवर मी एकदा बोट ठेवलं, तर ते ओरडले, "अहो, हात लावू नका! घामानेसुद्धा झिजतं ते."

गेल्या रविवारी गटाराचं खोदकाम तिथवर आलं होतं. दगड नेमका चराच्या रेषेत होता. मुकादम म्हणाला, "काका, ऑफिसचं पत्र आणा, नाहीतर बाजूला व्हा. आत्ता जेसीबी येतोय."

ते गेले आणि दहा मिनिटांत तेल-शेंदूर घेऊन परतले. मांडी घालून बसले आणि तळहाताने दगडावर थापू लागले. तलवार बुजली, घोडा बुजला, वरचे चंद्रसूर्यही बुजले. मी पुढे धावलो.

"अहो, हे काय करताय?"

"गप्प बसा." ते थापतच राहिले.

जेसीबीचा ड्रायव्हर खाली उतरला. शेंदूर पाहून त्याने चपला काढल्या, हात जोडले. मुकादमाने चर आखणारी फक्कीची पांढरी रेघ दोन हात बाजूला सरकवली.

"कुठला देव, काका?" ड्रायव्हरने विचारलं.

"जागृत आहे," ते म्हणाले आणि दगडाकडे न बघता चालू लागले.