सहा माणसांची गाडी

गाव सोडलं तेव्हा मी काळीपिवळीच्या मागच्या बाकावर बसले होते. शिंदखेड्याला जाणारी सकाळची जीप. आत इतकी माणसं, की माझी बॅग कोणाच्या मांडीवर आहे हे शिंदखेडा येईपर्यंत कळलं नाही. आबा मागच्या पायरीवर उभे, एका हातानं वरचा दांडा धरून. मला धुळ्याला गाडीत बसवून ते परतणार होते. माय दारातच थांबली. रडायचं नाही असं तिनं ठरवलं असावं, कारण ती नुसती खाण्याचंच बोलत होती. "जठे जाशी तठे पोटभर खाजो." फुई तर दारातही आली नाही. फुई म्हणजे माझी आत्या, आबांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली, ती कायमची. मी एकुलती एक. मला न्हाऊमाखू तिनंच घातलं. त्या सकाळीही माझी वेणी तिनंच घातली आणि गोठ्याकडे निघून गेली.

धुळ्याला हैदराबादची ट्रॅव्हल्स हलली, तेव्हा आबा खिडकीखालून दोनदा म्हणाले, "पोचनी का फोन कर." मी केला. तेव्हापासून फोनच करते आहे.

तुमच्यापैकी जे असे निघाले, त्यांना पुढचं सांगायला नको. नोकरी, मग नीलेशशी लग्न, मग रेवा, मग अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. नीलेश नागपूरचा, त्याचे आईवडील तिथे थोरल्या भावाजवळ असतात. आमच्या शेजारच्या अम्मा लिफ्टमध्ये भेटल्या की "बागुन्नारा?" विचारतात, मी "बागुन्नाम" म्हणते. बरे आहोत, असा त्याचा अर्थ. तेवढंच तेलुगू मला नीट येतं, आणि तेही दर वेळी खरं नसतं. रविवारी दुपारी बेल वाजली तर दारात पार्सलवाला असतो.

गेल्या वर्षी आमची जुनी छोटी गाडी बदलायची ठरली. नीलेशला पाच सीटची एसयूव्ही हवी होती. बेसमेंटमधल्या खांबांच्या मधे ती नीट बसते, डिक्की मोठी मिळते, आणि आपण आहोत तिघं, असं त्याचं म्हणणं. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. मी मात्र तीन रांगांच्या गाडीवर अडून बसले. शोरूममधल्या मुलीनं हसून विचारलं, "मॅडम, फॅमिली में कितने लोग हैं?"

"छह," मी म्हणाले.

नीलेशनं माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर म्हणाला, "ते येणार आहेत का? तू विचारलंयस?"

मी विचारलं नव्हतं. आबांची गुडघेदुखी वाढली होती, मायचं दिसणं कमी झालं होतं, फुई एकटी दोघांचं बघत होती. एवढं असताना ते आज ना उद्या येणारच, हे मी मनाशी धरूनच चालले होते. आधी गाडी येईल, मग माणसं येतील, असं काहीतरी.

दिवाळीला नीलेशच्या एका मित्राची सात सीटची गाडी मागून आम्ही गावी गेलो. वापरून तर बघू, तो म्हणाला. भाऊबीज झाल्यावर सगळ्यांनी मुक्ताईनगरला दर्शनाला जायचं ठरलं. आबा पुढे, नीलेशच्या शेजारी. मधे माय, फुई आणि दोघींच्या मधे रेवा. मागे मी एकटी.

मागच्या सीटवर गुडघे छातीशी येतात, हे मला तेव्हा कळलं. पुढचं बोलणंही ऐकू येत नाही. माझी सगळी माणसं एका गाडीत होती, आणि मला दिसत होती फक्त आबांची टोपी, मायचा पदर, फुईचा पांढरा अंबाडा. काहीतरी विनोद झाला, सगळे हसले. "काय झालं?" मी ओरडून विचारलं. रेवा मागे वळून म्हणाली, "मम्मा, बाद में बताती हूँ." नंतर ती विसरून गेली.

दर्शन करून परतताना वरणगावच्या पुढे चहाला थांबलो. मायला गाडी लागली होती, ती बाजेवर आडवी झाली. रेवा नीलेशला घेऊन उसाचा रस प्यायला गेली. मला वाटलं, आत्ताच विचारावं.

"आबा, तुम्ही तिघं आता हैदराबादला चला. राहायलाच. मी ही एवढी मोठी गाडी घेते."

आबांनी बशीतला चहा संपवला. रेवाच्या बारशाला ते आले होते, तेव्हा एकदा खाली फिरायला गेले आणि फ्लॅटचा नंबर विसरून गेटपाशी बसून राहिले होते. ते त्यांच्या मनात असावं.

"आमना करता मोठी गाडी लेऊ नको, पोरी. आमले तठे करमत नही."

"लेकीना घर शे," माय डोळे मिटूनच म्हणाली. "चार दिन बरं."

मी फुईकडे पाहिलं. ती तरी माझ्या बाजूनं बोलेल, असं वाटलं होतं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मी एक डाव घर सोडं," ती म्हणाली. "आते दुसरांदा नही."

मी मागच्या सीटवर जाऊन बसले. माझा चेहरा कोणाला दिसत नव्हता, तेवढं बरं होतं.

हैदराबादला परतल्यावर नीलेश आपणहून म्हणाला, "सातचीच घेऊ या. येतील कधीतरी." त्याच्या त्या बोलण्यानं मला भरून आलं. पण नको म्हणाले. रोज ती रिकामी रांग आरशात बघायची माझी तयारी नव्हती. आम्ही पाच सीटची घेतली. फोटो पाठवला तर मायचा फोन आला. "दिसाले भारी शे. बठ्ठा बसतस ना?"

"हो माय, सगळे बसतो," मी म्हणाले. सगळे म्हणजे आम्ही तिघं.

उन्हाळ्यात नव्या गाडीनं गावी गेलो. फुईनं चाकांवर पाणी घातलं, आबांनी बॉनेटवर कुंकवाची बोटं ओढली. माय हात पुसत बाहेर आली, रेवाच्या गालांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "कव्हय जाशी?"

तिला पापड, शेवया, काय काय बांधून द्यायचं असतं, म्हणून कधी जाणार ते ती विचारते. मला ठाऊक आहे. तरी दर वेळी आत कुठेतरी लागतं. लहानपणी घर म्हणजे अशी एकच जागा होती, जिथे मला हे कोणी विचारलं नव्हतं. आता जिथे आल्या आल्या हे विचारतात, ते माझं घर. दुसरीकडे कुठेच माझ्या जाण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

"रविवारी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायला आत गेली.