गंगेची ओटी

गंगेला पूर आला की काशीतल्या आमच्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी बायका तिची ओटी भरतात. पेशवाईत कृष्णाकाठची कुणी सासुरवाशीण ही रीत घेऊन आली म्हणे. तेव्हा भिक्षुक, वैदिक, त्यांचे शिष्य असे सगळे देशावरून, कोकणातून येऊन इथे राहिले, आणि गल्लीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरातून मराठीच ऐकू यायची. आता घरं विकून कुणी पुण्याला गेलं, कुणी इंदूरला. त्यांच्या माजघरांत परदेशी पाहुणे कॉफी पितात. पाहुण्यांवर माझा राग नाही. विकून गेलेल्यांवर आहे, आणि तो लपवायची मला सवय नाही.

ओटी सवाशिणीनेच भरायची. गेल्या वर्षीच्या पुरात आमच्यात सवाशीण उरली होती मी एकटी. समोरच्या काकूंचे यजमान केव्हाच गेले. रीत त्यांना तोंडपाठ, पण ताटाला हात लावायच्या नाहीत. आणि माझे हे नाकात नळी घालून खाटेवर पडलेले, फुप्फुसं कामातून गेलेली. उशाशी ऑक्सिजनचं मशीन सारखं घुरघुरायचं. भाजीवालीसुद्धा 'चाचाजी कैसे हैं?' विचारताना माझ्या कपाळाकडे बघायची. कुंकू माझं, काळजी साऱ्या मोहल्ल्याला!

पाणी घाटाच्या पायऱ्या गिळत गल्लीच्या तोंडाशी आलं. पूर गरजतो म्हणतात, आमचा मात्र मुकाट्याने येतो. त्याचीच जास्त भीती वाटते.

"जा गं आता," काकू म्हणाल्या. "आणि सगळ्यांसाठी माग. ही ओटी गावाची असते, आपल्या घरचं काढायचं नसतं."

गेले. शेवाळावर पाय घसरू नये म्हणून नावाड्याने माझा हात धरला. त्याचं घर खाली उतारावर. लहानपणापासून आमच्यात वावरलेला, त्यामुळे मराठी त्याला सगळं समजतं. मी हळदकुंकू वाहिलं, खण, तांदूळ, नारळ पाण्यात सोडले आणि मोठ्याने बोलून गेले, "आई, यांना ठेव. बाकी मला काही नको."

मागून काकूंचं "अगं बाई!" ऐकू आलं. मी वळूनही पाहिलं नाही. गावासाठी मागायला गाव उरलं होतं कुठे? माझं माणूस तेवढं उरलं होतं. नावाड्याने मला वरच्या पायरीवर आणून सोडलं आणि तो घाईघाईने निघून गेला.

नारळ दूर गेला नाही, भिंतीपाशीच घुटमळत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बत्ती गेली. ट्रान्सफॉर्मरपर्यंत पाणी चढलं म्हणून सगळ्या मोहल्ल्याचीच लाइन कापली होती. मशीन बंद पडलं. त्या घुरघुरीने इतके दिवस माझं डोकं उठायचं. आता घरात यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, अडकत अडकत येणारा. लहान सिलिंडर होता तो लावला, पण तो कितीसा पुरणार? ओठ निळे पडत चालले. खाली गल्लीत कमरेएवढं पाणी. मी खिडकीतून जिवाच्या आकांताने हाका मारल्या, आधी मराठीत, मग हिंदीत. समोरच्या खिडकीत काकू नुसत्या हात जोडून उभ्या होत्या.

कोपऱ्यावरून नाव आली. नावाडी आणि त्याचा भाऊ पाण्यातून जिना चढून वर आले. यांना चादरीत घालून खाली उतरवलं. सिलिंडर मी मांडीवर घेतला. नाव दोन्हीकडच्या भिंतींना घासत निघाली. यांची बोटं माझ्या हातात गार लागत होती, पण श्वास चालू होता.

"आधी तुझ्या घरच्यांना काढायचंस रे," मी म्हटलं. "तुझं घर तर आमच्याही खाली."

तो बांबू रेटत होता. "घर त कल्हियै बूड़ गयल, चाची."

काल मी पाण्यापाशी उभी राहून फक्त माझ्या माणसासाठी मागत होते, तेव्हा त्याच्या घरात पाणी शिरत होतं. आणि तो माझा हात धरून उभा होता.