पुढच्या गुरुवारपर्यंत मौन

आमच्या माजलगावच्या सत्संगातल्या गोष्टी निघाल्या की थांबत नाहीत. एक सांगावी तर तिच्या मागं दुसरी उभीच. बाया आधी हसतात, मग एकेक गप्प होते.

दर गुरुवारी पोथी. वाचणार फक्त सत्संग चालवणाऱ्या ताई, आपण ऐकायचं. कुणी प्रश्न विचारला की ताई पोथीतली ओळ दाखवायच्या, शंका हे पाप. मग विचारणारीला पुढच्या गुरुवारपर्यंत मौन. घरीदारी, कुठंच बोलायचं नाही.

मी विचारलं होतं, उपास सगळे बायकांनाच का? मिळालं मौन. नवरा लई खूश. पुढच्या गुरुवारी स्वतः ताईंकडं गेला. "ताई, आणखी एक आठवडा वाढवता येईल का?"

*

हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंनी पोथी घरी वाचायला मागितली. ताई म्हणाल्या, स्वतः वाचलं की डोकं फिरतं. बाईंनी आठवडाभर ग्रहणाचा धडा हातवारे करून शिकवला. घसा बसलाय समजून हेडमास्तरांनी काढा पाठवला. बाई मुकाट प्यायल्या.

*

आम्हाला डॉक्टर वर्ज्य. आजार म्हणजे मागचा भोग, तो भोगून संपवायचा. मग ताईंनीच स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं! मी भर सत्संगात विचारलं, हे कुठल्या पानावर हाय?

"माझा गुडघा सेवेनं झिजलाय. तुमचं दुखणं तुमच्या कर्माचं," ताई म्हणाल्या.

मी हसले. त्या दिवशी मला कायमचं काढलं.

*

माझी शेजारीण लता मात्र जात राहिली. तिच्या छातीत गाठ होती. अंगारा लावून लावून ती लिंबाएवढी झाली, तेव्हा कुठं तिनं ताईंना विचारलं, अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवून येऊ का? ताईंनी ओळ दाखवली, देवावर भार टाकून दुसऱ्या दारी गेलं की केलेली सगळी सेवा वाया. वर मौन.

दुसऱ्या दिवशी तिच्या झंपरावर रक्ताचा डाग दिसला. मी दंडाला धरून तिला एसटीत बसवलं.

दवाखान्यात डॉक्टरीण लहानशीच पोर होती. तिनं विचारलं, "मावशी, कधीपासून आहे हे? दुखतं का?"

लतानं हात जोडले.

"बोल की गं माझे बाई," मी म्हणाले. तिनं मान हलवली. डॉक्टरणीनं गाठ दाबली तेव्हा लतानं पदर तोंडात कोंबला. डोळ्यांतून धारा, पण आवाज नाही.

डॉक्टरीण हळूच माझ्याकडं वळली. "ह्या मावशी जन्मापासून मुक्या आहेत का?"

"न्हाई," मी म्हणाले. "गुरुवारपर्यंत."