सुपारीएवढी ग्रंथी

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही दोघं रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर उभे होतो. राजापूरची गाडी समोर लागलेली. माझ्या हातात चकल्यांचा डबा आणि वन्संसाठी घेतलेली साडी. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. राजापुरात एकट्याच राहतात. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. वर्षातून एकदा भाऊ येऊन पाटावर बसतो, तोच त्यांचा सण.

गाडीत चढायच्या आधी हे म्हणाले, "आलोच," आणि मुतारीकडे गेले. परत आले. मी पायरीवर पाय ठेवते तोवर पुन्हा, "थांब, आलोच." कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी गेली. पुढच्या गाडीलाही तेच. त्यानंतर माझ्या हातातली पिशवी काढून घेऊन म्हणाले, "चल घरी. गुडघा दुखतोय."

"गुडघा दुखणारा माणूस मघापासून येरझाऱ्या घालतो का?" मी विचारलं. त्यांनी रिक्षाला हात केला.

संध्याकाळी वन्संचा फोन आला, तोही मला. "चंद्राला ओवाळलं हो यंदा," त्या म्हणाल्या. जिला भाऊ नाही ती बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. वन्संचा भाऊ इथे सोफ्यावर बसून बातम्या बघत होता. "तुला यायचं नसेल तर तू नको येऊस गो. पण त्याला कशाला अडवत्येस?"

मी अडवते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन ठेवून मी यांच्याकडे बघितलं, तर ते टीव्हीचा आवाज वाढवत होते. मला काही म्हणजे काही कळेना. बहिणीशी भांडण झालं असेल म्हणावं, तर हा माणूस कोणाशी भांडत नाही. माझ्याशीही नाही, आणि त्याचाही मला कधी कधी राग येतो.

मग मी पाळत ठेवायला लागले. दुपारचा चहा बंद झाला होता. लग्नाच्या जेवणाचं बोलावणं आलं की आहेर माझ्या हाती पाठवून द्यायचे. भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो की मला पुढे घालायचे आणि स्वतः सुरूच्या झाडांत दिसेनासे व्हायचे. न्हाणीघरात गेले की इतका वेळ लागायचा की मला वाटे, आत पेपर नेला की काय. मी ठरवलं, साखर झाली. चहातली साखर काढली, तपासणी करून आणली. साखर नव्हती. मग ठरवलं, मुतखडा. आमच्याकडे मुतखड्याला कुळथाचं कढण. रोज तांब्याभर करून समोर ठेवायची. ते मुकाट्याने प्यायचे आणि अधिकच धावायचे. मला वाटायचं, गुण येतोय.

माघात त्यांना सर्दी झाली. कुणाला न विचारता मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघरात नळ सोडून कितीतरी वेळ उभे होते. बाहेर आले ते घामाने भिजून, पोट धरून. "अगो," ते म्हणाले, "होतच नाहीये." एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी आपल्या शरीराबद्दल मला सांगितलेलं ते पहिलं वाक्य. मी इतकी घाबरले की चपला वेगवेगळ्या घालून रिक्षात बसले.

डॉक्टरांनी नळी घातली. पिशवी भरत गेली तसा यांचा चेहरा असा काही निवला की आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तेवढं समाधान नाही. मग डॉक्टर समजावायला लागले. पुरुषांना मूत्राशयाच्या तोंडाशी सुपारीएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. लघवीची वाट तिच्या मधून जाते. वय झालं की ती वाढते आणि वाट दाबली जाते. त्यात सर्दीच्या गोळीने तिथले स्नायू आवळले आणि होतं तेही अडलं.

"वाढते म्हणजे कॅन्सर?" मी विचारलं.

"नाही हो. ही साधी वाढ."

"बरं."

"तरी रक्ताची एक तपासणी करून घेऊ. कॅन्सर नाही ना, ते बघायला."

"मग करा की आत्ताच."

"आत्ता नको. नळी घातल्ये, आकडा उगाच जास्त येईल. काही आठवड्यांनी करू."

म्हणजे कॅन्सर नाही, पण तो नाही हे बघायचं, पण आत्ता बघायचं नाही. मी मान डोलावली. पुढे ते म्हणाले, एक गोळी वाट सैल करील, पण झटकन उठलं तर चक्कर येईल. दुसरी गोळी ग्रंथी लहान करील, पण तिला महिने लागतील. दोन्हींनी नाही भागलं तर दुर्बिणीने आतूनच ऑपरेशन, पोट कापायचं नाही. शिवाय मोठ्या ग्रंथीचा त्रास मोठाच असतो असंही नाही म्हणे. कढणाचं सांगितल्यावर डॉक्टर हसले आणि म्हणाले, "ते तेवढं थांबवा." एवढंच एक वाक्य मला नीट समजलं.

चार-पाच दिवसांनी नळी काढली. गोळ्या लागू पडल्या. पुढे तपासणीही चांगली आली. दुपारचा चहा परत सुरू झाला. मला वाटलं, आता राजापूर. पण नाव काढलं की हे खिडकीबाहेर बघायचे.

"अहो, निदान वन्संना खरं कारण तरी सांगू द्या."

"ताईला? हे?" ते एकदम लालबुंद झाले. "तिने मला मांडीवर खेळवलंय. तिला काय सांगणार, मला मुतायला होत नव्हतं म्हणून? अजिबात सांगायचं नाही."

बहिणीने आपल्याला उलट्या काळजाचा म्हणावं, हे त्यांना चालत होतं. मला मात्र कळेना, मी कोणाची बाजू घ्यावी. नवऱ्याची लाज राखावी, तर बहीण तुटते. बहिणीला सांगावं, तर नवऱ्याच्या मनातून मी उतरते.

आंब्याची पेटी पाठवली तेव्हा वन्संचा फोन आला. हे बाजारात गेले होते. आवाज थकलेला होता, भांडणाचा नव्हता. "आंबे कशाला धाडतेस गो? मी गेल्ये की खांदा द्यायला तरी पाठव हो त्याला."

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. स्टँडवरच्या फेऱ्या, सर्दीची गोळी, नळी, सुपारीएवढी ग्रंथी, सगळं. दोन तास गाडीत बसायची त्यांना भीती वाटते, तुमचा राग नाही, हेही सांगितलं. मग विचारलं, "वन्सं, ऐकताय ना?"

"ऐकत्ये," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही हेच होतं गो. सारखं उठणं, न्हाणीत उभं राहणं. कुठे यायचे नाहीत माझ्याबरोबर. शेवटी तर अंथरूण पडवीत नेलं. मला वाटलं, माझा कंटाळा आला. मीही मग विचारलं नाही. जाईपर्यंत नाही विचारलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती गोळी केवढी असते गो?" त्यांनी विचारलं.

"लहान असते, वन्सं," मी म्हटलं. "तुरीच्या डाळीएवढी."