विश्वासरावांनी लावलेली बैठक

माणूस दारातून आत आला, की त्याची जागा कोणती हे विश्वासराव जगदाळ्यांना कळायचं. नाव विचारायची गरज पडत नसे. जोडे काढताना तो कोणाकडे बघतो, मुजऱ्याला किती वाकतो, एवढ्यावर त्यांचा हिशेब पुरा व्हायचा. हा गादीपासून तिसरा, हा खांबापलीकडचा, आणि हा तर सतरंजीवर पाय ठेवायच्याही लायकीचा नाही.

धारहून बदनावरकडे जाताना वाटेत एक जहागीर लागायची. तिथले ते बैठकीचे कारभारी. जहागीर केवढी, तर सकाळी घोड्यावर बसावं आणि हद्द बघून दुपारच्या जेवणाला घरी परत यावं. पण दसऱ्याचा दरबार असा भरायचा, जणू ही मंडळी कालच अटकेपार झेंडा लावून आली आहेत. त्या दरबारात चांदीची काठी घेऊन खांबाशी उभं राहायचं आणि येणाऱ्या मानकऱ्याला हाताला धरून त्याच्या लोडापर्यंत न्यायचं, हे विश्वासरावांचं काम. त्यांच्या वडिलांनी तेच केलं, आजोबांनीही तेच. एखादा चुलता पुतण्याच्या खाली बसला तर तलवारी निघाव्यात असले ते दिवस, त्यामुळे कामाला मान होता. फक्त बसायला जागा नव्हती. बसवणाऱ्यानं बसायचं नसतं, असा रिवाज होता.

तरुणपणी त्याचं काही वाटलं नाही. पन्नाशी उलटल्यावर पोटऱ्या सुजायला लागल्या आणि रिवाज बोचायला लागला. त्यात घरी मालनबाई. त्या देवासच्या. त्यांचे वडील तिथल्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीच्या दरबारात बसायचे. शेवटून दुसरे, पण बसायचे. नवरा दसऱ्याच्या रात्री पाय चोळत बसला, की त्या तेलाची वाटी पुढे सरकवत म्हणायच्या, "आमच्या आबांच्या पायांना कधी तेल लावावं लागलं नाही हो." एवढंच. पण ते एवढंच विश्वासरावांना वर्षभर पुरायचं.

जहागीरदार भैयासाहेब इंदूरला कॉलेजात शिकून आलेले. आधी त्यांना पोपटांचा नाद होता, मग फोनोग्राफचा. पुढे त्यांनी सरकी काढायचा कारखाना घातला. यंत्रं अमेरिकेतून आली आणि ती जोडायला तिकडचा एक तरुण साहेब आला. जाताना त्यानं गंमत म्हणून चार जुनी तांब्याची नाणी दिली. तिकडे त्याला सेंट म्हणतात. आपल्या पैशाहून थोडं मोठं, एका अंगाला केस बांधलेल्या बाईचं तोंड आणि भोवती तारे, दुसऱ्या अंगाला पानांची माळ. ही मोठी नाणी पाडायचं तिकडच्या सरकारनं पन्नास वर्षांपूर्वी बंद केलं होतं. झालं, भैयासाहेबांनी पोपट सोडून दिले आणि सेंट धरले.

मालकाला काय हवंय हे कळल्यावर माणसं कुठून काय आणतील याचा नेम नाही. महूच्या छावणीतून, मुंबईच्या गोदीवरून, कोणा गोऱ्या पेन्शनरच्या खानसाम्याकडून सेंट यायला लागले. दसऱ्याला लोक नजराणा म्हणून सेंट ठेवायला लागले. मनावर गावचा गणोजी तांबट मोडीचं तांबं मुंबईहून पोत्यानं मागवायचा. त्यात दहा देशांची नाणी निघत. त्यालाही एक सेंट सापडला. तो फाटकाशी तासभर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "भट्टीत टाकायला जीव झाला नाही सरकार, कोरा करकरीत है." त्या नाण्याचा रंग खरोखरच अजून तांबूस होता.

भैयासाहेबांनी शिसवी पेटी करवली, तिला मखमली खण बसवले आणि विश्वासरावांना बोलावलं.

"विश्वासराव, माणसांची बैठक लावता, आता ह्यांची लावा. उत्तम ते वर, हलकं ते खाली."

विश्वासरावांनी लावली. कशी लावली ऐका, आणि हसू नका. ज्या मानकऱ्यानं जे नाणं दिलं, त्या मानकऱ्याच्या जागेवर ते नाणं. दुसरी कसोटी त्यांना जन्मात कोणी शिकवली नव्हती. दरबारात उजवीकडची पहिली जागा काकासाहेब गोपाळरावांची, कारण त्यांचे पूर्वज पहिल्या फौजेबरोबर नर्मदा उतरून आलेले. म्हणून पेटीतही पहिल्या खणात काकासाहेबांचं नाणं. ते इतकं झिजलं होतं, की बाईच्या तोंडाचा नुसता उंचवटा उरला होता. पण पहिल्या मानाचं नाणं मळकं कसं ठेवायचं? विश्वासरावांनी ते घरी नेऊन मालनबाईंकडून देवाच्या तांब्यासारखं चिंचेनं घासून आणलं. ते झळझळीत दिसायला लागलं. गणोजीचं नाणं गेलं सगळ्यात खालच्या खणात, मागच्या कोपऱ्यात. तांबटाला तेवढी जागा दिली हेच खूप झालं. भैयासाहेबांनी पेटी उघडून वरपासून खालपर्यंत पाहिली आणि "वा, क्या बात है!" म्हणाले. हे त्यांचे शब्द विश्वासरावांच्या चांगले ध्यानात होते.

दोन वर्षांनी यंत्रं तपासायला कंपनीचा एक म्हातारा साहेब येणार असं कळलं. हा स्वतः सेंट जमवणारा, आणि तिकडच्या नाणेवाल्यांच्या मासिकात लिहिणारा. भैयासाहेब हरखून गेले.

"म्हातारा खूश होऊन गेला आणि आपल्या पेटीचं नाव तिकडे छापून आलं," ते म्हणाले, "तर ह्या दसऱ्याला तुमची बैठक, विश्वासराव. शब्द देतो."

विश्वासराव घरी कसे पोचले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. मालनबाईंनी ऐकलं आणि पहिल्यांदाच देवासचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या नव्या अंगरख्याचं कापड बेतायला बसल्या. "उभ्याचा अंगरखा वेगळा, बसायचा वेगळा," त्या सांगत होत्या. "बसल्यावर घोळ नीट पसरला पाहिजे. आबांचा असा मांडीभोवती गोल पडायचा." विश्वासराव तिथेच जमिनीवर मांडी घालून बसून दाखवत होते. इतकं गोड त्या घरात फार वर्षांत कोणी बोललं नव्हतं.

साहेब आला. उंच, वाकलेला, खिशात भिंग. पेटी उघडल्यावर त्यानं पहिलं नाणं दोन बोटांनी कडेला धरून उचललं, भिंगातून पाहिलं, चेहरा वाकडा केला आणि काहीतरी विचारलं. भैयासाहेबांनी मराठीत उल्था केला. "साहेब विचारताहेत, हे पहिलं का?"

"काकासाहेब गोपाळरावांनी नजर केलेलं आहे, सरकार."

साहेबाला वाटलं आपलं ऐकण्यात चुकलं. त्यानं दुसरं उचललं. ते कोणाचं, तिसरं कोणाचं, विश्वासराव काठी धरून एकेका घराण्याचं नाव घेत गेले. पाचव्या नाण्याला साहेबाला उमगलं आणि तो हसला. दुष्टपणानं नाही हसला, पोट धरून हसला, आणि ते जास्त वाईट होतं. मग भैयासाहेबही हसले. "दरबारी बुढ्ढा आहे आमचा," ते इंग्रजीत म्हणाले आणि लगेच मराठीतही म्हणाले, म्हणजे विश्वासरावांनाही कळावं. "त्याला काय कळतंय!"

विश्वासरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. वा, क्या बात है म्हणणारं तोंड हेच. पण तोंड मालकाचं होतं.

साहेब खाली खाली येत शेवटच्या खणाशी पोचला. गणोजीचं नाणं त्यानं खिडकीशी नेलं. बराच वेळ उभ्यानं बघितल्यावर त्यानं खुर्ची ओढून घेतली. मग भैयासाहेबांना शेजारी बसवून शिकवायला लागला. बाईचे कानावरचे केस सगळ्यात उंच, म्हणून झीज तिथून सुरू होते. बट न् बट मोजता आली तर नाणं उत्तम. माळेच्या पानांची टोकं बघा. मूळचा रंग किती उरलाय बघा. आणि घासू नका, देवाच्या नावानं सांगतो, घासू नका! नाणं कोणाच्या हातातून आलं ह्याला काही अर्थ नाही, त्यातलं किती उरलंय एवढंच बघायचं. भैयासाहेब शाळकरी पोरासारखे मान डोलावत होते.

त्या दुपारी साहेबानं सगळी पेटी नव्यानं लावली. गणोजीचं नाणं पहिल्या खणात गेलं. काकासाहेबांचं नाणं पेटीबाहेरच काढून ठेवलं. ते आता नुसतं तांबं आहे म्हणाला. त्यानं पेटीबद्दल मासिकात लिहायचं कबूल केलं आणि भैयासाहेबांचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. म्हणजे खूश होऊन गेला. नाणं पहिलं आलं म्हणून गणोजीला कोणी आत बोलावलं असेल असं वाटत असेल, तर तसलं काही झालं नाही. तो त्या दसऱ्यालाही फाटकाबाहेरच उभा होता.

दसऱ्याला चार-पाच दिवस असताना भैयासाहेबांनी विश्वासरावांना बोलावलं.

"साहेबाचं म्हणणं मला फार पटलं बघा. आपल्या दरबारातही काही नाणी घासून गेलीत. काकासाहेबांना ऐकू येत नाही, दिसत नाही, विड्याचा रस अंगरख्यावर गळतो. यंदा रेल्वेचे साहेब यायचेत. पहिल्या जागी आपल्या कारखान्याचे नारायणराव बसतील. बी. ए. आहेत, चार इंग्रजी वाक्यं बोलतील. बाकीचे आहेत तिथेच राहू देत. आणि शेवटच्या खांबापाशी एक नवा लोड टाका. तो तुमचा. शब्द दिला होता, पाळतोय."

"आणि काकासाहेब?"

"त्यांना जागा नाही. तुम्हीच सांगा त्यांना. तुमचाच हात धरून येतात ते."

नाही म्हणता आलं असतं. विश्वासरावांना जीभ होती, पोटापुरती जमीन होती, आणि डोक्यात एवढा राग होता, की सगळा ओकला असता तर भैयासाहेबांची मखमल भिजली असती. काकासाहेबांच्या नजरेखाली पहिल्यांदा काठी घेऊन उभं राहायला शिकले होते ते. पण घरी अंगरखा खुंटीला लावलेला होता. मालनबाईंनी त्याला हाताशी असलेली सगळी जर लावून टाकली होती. विश्वासरावांनी घरात काही सांगितलं नाही. सकाळी काकासाहेबांच्या गल्लीपर्यंत जायचे आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याशी दोन शब्द बोलून परत यायचे. रोज गेले आणि रोज परत आले. भ्याड होते का? होते. पण बसायची इच्छा ही काय चीज आहे, हे आयुष्यभर बसलेल्यांनी त्यांना सांगू नये.

दसऱ्याला काकासाहेब गोपाळराव डोलीतून आले. पागोटं, शेला, कमरेला वाडवडिलांची तलवार. विश्वासराव पुढे झाले.

"कोण, विश्वासा?"

"हो, काकासाहेब."

"हात दे."

म्हाताऱ्याची बोटं त्यांच्या मनगटाभोवती आवळली. दरबारातली बाकीची मंडळी एकाएकी आपापल्या पानाच्या डब्यात काहीतरी शोधायला लागली. विश्वासरावांनी काकासाहेबांना अर्ध्या वाटेवरून डावीकडे वळवलं आणि खांबाशी आणून थांबवलं.

"आज लवकर थांबलास," काकासाहेब म्हणाले. "गादी पुढे आहे ना?" त्यांनी एक पाय पुढे करून बैठकीची कड शोधली. मग दुसरा केला. "लोड कुठंय रे?"

"लोड नाही, काकासाहेब. आज उभं राहायचंय."

"काय म्हणतोस?"

विश्वासरावांना त्यांच्या कानाशी ओरडावं लागलं. "उभं राहायचंय!" सगळ्या दरबारानं ते ऐकलं. नारायणराव बी. ए. यांनीही ऐकलं आणि पहिल्या लोडाला टेकले.

काकासाहेबांनी हात लांब करून खांब चाचपला. त्यावरचं कोरीव काम बोटांना लागलं तसा त्यांना खांब ओळखू आला. "ही तर तुझी जागा," ते म्हणाले. "मग तू कुठं?"

"मला बैठक मिळाली, काकासाहेब," विश्वासराव त्यांच्या कानाशी म्हणाले.

म्हाताऱ्यानं विश्वासरावांचा खांदा शोधून त्यावर हात ठेवला. "बरं झालं," तो म्हणाला. "फार वर्षं उभा होतास. जा, बस."

ह्यात टोमणा होता की माया होती, हे विश्वासरावांना ठरवता आलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढे मरेपर्यंतही नाही. माणूस दारातच ओळखणारे ते!

ते जाऊन बसले. अंगरख्याचा घोळ मांडीभोवती गोल पडला, मालनबाईंनी बेतला होता तसाच. मुजरे सुरू झाले, आपट्याची पानं वाटली गेली, रेल्वेच्या साहेबांना अत्तर लावलं गेलं. समोर खांबाशी काकासाहेब एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होते, पण तो फार उशिरा घेत होते, पोटऱ्या भरून आल्यावर. त्यानं काही उपयोग होत नसतो. भार आधी बदलावा लागतो, दुखायच्या आधी, आणि खांद्यानं खांबाला किंचित टेकायचं असतं, समोरच्याला दिसणार नाही असं. त्या दरबारात ही गोष्ट एकट्या विश्वासरावांना ठाऊक होती. एवढं सांगायला उठावं म्हणून त्यांनी जमिनीला हातही टेकला. पण गादीवरून विडा मिळेपर्यंत बसलेल्या मानकऱ्यानं उठायचं नसतं, आणि हा नियम मोडणाऱ्याला त्यांनी स्वतः काठी आडवी लावून परत खाली बसवलेलं होतं. त्यांनी हात उचलला आणि घोळ नीट केला. विडा त्यांच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचला.