ओव्हनमधलं अर्धं इंजिन

चिप्सच्या दुकानाच्या रांगेत बातमी होती की, होरेस टँडींनी ओव्हनमध्ये मोटारसायकलचं इंजिन भाजलं, म्हणून त्यांची बायको घर सोडून गेली.

खरं तर ते अख्खं इंजिन नव्हतं, इंजिनाच्या कवचाचा अर्धा भाग होता. ॲल्युमिनियम तापलं की फुगतं आणि घट्ट बसलेलं बेअरिंग आपोआप सुटतं. आमच्या डडली गावात हे बऱ्याच घरी चालतं. आणि हिल्डा आंटी कुठेही गेली नव्हती. ओव्हनचा गजर तिनेच लावला होता. "मटण भाजायच्या आत बाहेर काढ," एवढंच म्हणाली, "नाहीतर रस्सा तुझ्या टोपीसारखा लागेल."

ही मोटारसायकल मिस्टर टँडींकडे नऊ खोक्यांतून आली. चढावरच्या मिसेस प्यूंच्या नवऱ्याची, इद्रिसची, त्रेपन्न सालची बीएसए. पहिलं बाळ झालं तेव्हा इद्रिसने ती सुटी केली आणि "उन्हाळ्यात जोडतो" म्हणाला. तो उन्हाळा काही आला नाही. इद्रिस गेल्यावर बाईंनी खोकी टँडींना देऊन टाकली. अट एकच: एकदा तिचा आवाज ऐकवायचा. आणि आता वीस मेला त्या कायमच्या मुलीकडे, ॲबर्डीनला निघाल्या होत्या.

बाकी सगळं तयार होतं, कवचाचा उजवा भाग तेवढा नव्हता. दोन्ही भाग कारखान्यात एकत्रच कातलेले, एकाच नंबराचे. दुसऱ्या गाडीचा लावून भागत नाही. दोन वर्षं टँडी जुन्या सामानाचे बाजार पालथे घालत होते, आणि शेजारची मी शनिवारी त्यांच्या हाताखाली.

"बघ पोरी," ते नाक ओढून म्हणायचे (हे नाक ओढणं मला हुबेहूब जमतं, पण कागदावर उतरत नाही), "वस्तू हरवत नसते. कुठेतरी दुसरं काम करत असते."

"वीस मेपर्यंत काही सुरू होत नाही ती."

"लाव पैज. हरलीस तर ओव्हन तू घासायचा."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"मी घासेन."

आतून हिल्डा आंटी म्हणाली, "जिंक गं बाई. त्रेचाळीस वर्षं झाली लग्नाला, एकदा तरी बघू दे."

एप्रिलअखेर आम्ही मिसेस प्यूंकडे चहाला गेलो. त्यांच्या हातचा केक गल्लीत कोणी सोडत नाही. घरभर खोकी बांधलेली, आणि मागचं दार वाऱ्याने सारखं आपटत होतं.

"दाराला लावायचा अडसर बांधून टाकला," बाई म्हणाल्या. "इद्रिसचा आहे, सोबत नेणार."

टँडींनी कप खाली ठेवला. "दाखवा बघू."

कागदातून हिरव्या रंगाचं एक जड धूड निघालं. त्यांनी ते उलटं केलं आणि नखाने रंग खरवडला. खाली तोच नंबर होता.

"याला मी तीनदा ठेचकाळलोय," ते हळूच म्हणाले. डोळे मिटून नट-बोल्ट ओळखणारा माणूस.

"मला वाटलं अडसरच आहे," बाई म्हणाल्या. "पन्नास वर्षं अडसरच होता तो." थोडा वेळ त्यावर हात ठेवून बसल्या, मग त्यांच्याकडे सरकवला. "दाराला वीट लावते."

रंग पुरता काढायलाही टँडी थांबले नाहीत. थेट ओव्हन. तापलेल्या कवचावर थुंकी टाकायची, थेंब नाचला की बेअरिंग बसवायचं. घरभर जळक्या रंगाचा वास.

वीस मेला सकाळी सामानाची गाडी दारात, शेजारी बीएसए. चार किका मारल्या, काही नाही. म्हणजे मी जिंकत होते, आणि मला अजिबात मजा येत नव्हती. पाचव्या किकला ती खोकली, अडखळली आणि धडधडायला लागली, संथ, भरदार. गल्लीतल्या प्रत्येक गाडीचा आवाज मी काढते. हा अजून काढलेला नाही.

मिसेस प्यू वळल्या आणि तडक घरात गेल्या. टँडींचा चेहरा उतरला. मिनिटभराने बाई रिकाम्या हातांनी दारात आल्या.

"किटली ठेवायला गेले," त्या म्हणाल्या. "इद्रिसचा हा आवाज वळणावर आला की ठेवायचे. विसरलेच, किटली गाडीत भरलीय."

ओव्हन घासायला मला दोन शनिवार लागले. तळाशी हिरव्या रंगाचा एक डाग होता, निघता निघेना. हिल्डा आंटी वाकून बघत राहिली.

"तेवढा राहू दे," ती म्हणाली.