दाराकडे तोंड करून जेवणारे दोघे

आज दुपारी ब्राह्मणपुरीत एका वाचक बाईंकडे, शांताबेनकडे, जेवलो. संध्याकाळ झाली, तरी मन अजून त्यांच्याच घरात आहे.

माझ्या अद्भुतरम्य कादंबरीमालेचे चारही भाग शांताबेनच्या मुलाने आणले होते. तो सुरतेला कामाला गेला आणि परतलाच नाही. त्याचा फोनही लागत नाही. आता ते भाग शांताबेन वाचतात.

वाढता वाढता त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमना राजा नीलकेतू आनि त्याना वैरी उग्रधर, दोन्ही सारखाच शेतस."

मी हसलो. "अहो, एक देवमाणूस, दुसरा राक्षस."

"ते ऱ्हाऊ द्या. दोन्ही जेवाले बसतस तवय दारकडे तोंड करी बसतस. कोनी वाट देखतस त्या?"

दोघांचे ते प्रसंग मीच लिहिले होते, पण हे साम्य माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग त्यांनी स्वतःचं ताट घेतलं आणि दाराकडे तोंड करून बसल्या.

पाचव्या, शेवटच्या भागात उग्रधर मरतो, हे मी त्यांना सांगून टाकलं. त्यांनी घास मोडला.

"मारा त्याले. पन पहिले त्याना मानूस घर येवू द्या."

उद्या सकाळी तो भाग प्रकाशकाकडे जायचा आहे. घरी आल्यापासून मी शेवटचं प्रकरण उघडून बसलोय. उग्रधरच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहतं, एवढं लिहिलं. पुढे चेहराच दिसत नाही.

आधीचे भाग वाचलेल्यांनो, तुम्ही सांगा. त्या दारात कोण उभं आहे?